दिव्यावरची बादली

आमच्या काकाला दुधीचा मनापासून तिटकारा, आणि लग्न झालं ते दुधी पिकवणाऱ्या बाईशी. काकूचा मांडव घरामागे, रस्त्याच्या वळणाला लागून. दुधीच्या पैशांवर सत्ता फक्त काकूची. काकाने हिशेब विचारायचा नाही आणि ताटात पडेल ते निमूट गिळायचं, असा घरातला अलिखित करार.

काका वायरमन. वळणावरच्या अंधारात काकू चरात पडली, मनगट मोडून घेतलं, तेव्हा या गृहस्थाने पंचायतीचं डोकं खाऊन तिथे खांब उभा करवला. वर दिवा असा दांडगा, की कोंबडे मध्यरात्रीच आरवू लागले.

"आता पडून दाखव!" तो काकूला म्हणाला. काकू चक्क लाजली.

गावाचा विकास झाला, पण त्या वर्षी दुधी धरेना. पांढरी फुलं मांडवभर, फळ मात्र बोटाएवढं होऊन गळायचं. काकाला आतून उकळ्या फुटत होत्या. तो रोज बटाट्यावर ताव मारायचा. काकू सकाळी मांडवाखाली वाकायची, रिकाम्या हाताने परतायची. हळूहळू ती बोलेनाशीच झाली. तिच्याशी भांडल्याशिवाय काकाला अन्न पचत नसे. आता बटाटेही पचेनात.

एका संध्याकाळी तो दिवा पुसायला शिडीवर चढला. भोवती पतंगांची ही झुंबड! खाली दुधीची फुलं उघडून पाहुण्यांची वाट बघतायत, आणि पाहुणे सगळे याच्याकडे. दुधीचं फूल दिवस मावळताना उमलतं, पतंग आले तरच फळ धरतं, हे काकूने त्याला शंभरदा सांगितलं होतं. पण दुधीविषयी ऐकायचं नाही, हा त्याचा बाणा.

"मेलो," काका शिडीवरच म्हणाला.

खाली उतरून त्याने जाहीर केलं, "दिवा काढून टाकतो!"

काकूच आडवी आली. "काढा की! मग पुढचं मनगट कुणाचं? पोरी क्लासवरून याच वाटेने येतात."

कितीतरी दिवसांनी ती बोलली होती. त्या आनंदात काकाने तिची पत्र्याची बादली उचलली, बुडाला भोक पाडलं, लहान बल्ब लावला आणि बादली त्यावर उपडी टांगली. उजेड तेवढा रस्त्यावर पडला, मांडव अंधारात गेला.

"अहो, चांगली बादली होती ती!"

"भोक पडायच्या आधी सांगायचं!"

गाव पोट धरून हसलं. पुढचे खांब आले तेव्हा हसणारेच बादल्या घेऊन काकाच्या दारात उभे राहिले.

मांडवावरचा पहिला दुधी काकूने बाजारात नेला नाही, घरीच शिजवला. काकाने डोळे मिटून ताट संपवलं. काकूने दया येऊन बटाटे पुढे सरकवले. त्याने ते बाजूला केले. मला काका तेव्हा फार आवडला.

"दुधीच वाढ अजून," तो म्हणाला.

काकूने हातातला डाव खाली ठेवला. "खरं सांगा, आता माझं काय मोडलंत?"