साहेबांना पाण्यात उतरवताना

पोलिसातलं शौर्य कसं तयार होतं हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण काही वर्षं ते मीच टाइप करत होतो.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. बेंगळुरूतल्या एका पोलीस कचेरीत मी कारकून होतो. आमचं घराणं इथं तीनशे वर्षं मुरलेलं. वाडवडील कुणा ना कुणाच्या फौजेत भाले घेऊन उभे राहिले, मी टाइपरायटर घेऊन बसलो. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि कचेरीत इंग्रजी, अशी आमच्या जिभेची वाटणी होती. त्यातलं इंग्रजी जरा बरं, म्हणून बक्षिसं, प्रशस्तिपत्रं आणि पदकांच्या शिफारशींची फाइल माझ्याकडे आली.

कचेरीत आमच्याच समाजातले एक हवालदार होते. पन्नाशीला टेकलेले, हडकुळे, बोलायला कंजूष. मी त्यांना अण्णा म्हणायचो, ते मला राव म्हणायचे.

एका सोमवारी सकाळी अण्णा तळ्याच्या बांधावरून सायकलनं कामावर येत होते. पुढे एक जटका चालला होता. टांग्याला आम्ही जटका म्हणतो. आत एक म्हातारी आणि तिची दिवस भरत आलेली सून. समोरून येणाऱ्या लॉरीनं भोंगा वाजवला, घोडं बुजलं आणि जटका बांधावरून घसरत थेट पाण्यात गेला. हाकणाऱ्यानं वेळीच बाहेर उडी मारली आणि काठावर उभा राहून तो बोंब मारू लागला. अण्णांनी सायकल टाकली आणि बूटही न काढता पाण्यात झेप घेतली. आधी सून काढली, मग सासू. मग जटकेवाल्याचा गवत कापायचा विळा घेऊन परत गेले आणि घोड्याचा साज कापला. घोडं भेदरलेलं, काही केल्या काठाकडे येईना. अण्णांनी कमरेचा सरकारी पट्टा सोडून त्याच्या गळ्यात अडकवला आणि ओढत आणलं. काठाशी पट्टा निसटला तो पितळी बिल्ल्यासकट तळाला गेला.

आमचे इन्स्पेक्टरसाहेब तासाभरानं जीपनं आले. तोवर बायका इस्पितळात पोचल्या होत्या. साहेबांनी अण्णांना पहिला प्रश्न विचारला, "गणवेश का भिजलाय?" तेवढ्यात वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. चिखलानं माखलेला हवालदार काही त्याच्या डोळ्यांत भरेना. त्यानं घोड्याचा लगाम इस्त्रीच्या गणवेशातल्या साहेबांच्या हाती दिला आणि फोटो काढला.

तो फोटो छापून आला, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

आमच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. "शौर्यपदकासाठी शिफारस तयार करा. दुपारपर्यंत."

मी तेव्हा नवा होतो, म्हणून खरं तेच लिहिलं. हवालदारानं उडी मारली, इन्स्पेक्टर नंतर आले. मोठ्या साहेबांनी कागद वाचला आणि वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं.

"फोटोत कोण आहे?"

"इन्स्पेक्टरसाहेब, सर."

"मग कागदात दुसराच कोण घुसलाय?"

मी दुसरा मसुदा केला. त्यात इन्स्पेक्टरसाहेब काठावर उभे राहून मार्गदर्शन करत होते. तो वरच्या कचेरीतून परत आला. शेरा होता: मार्गदर्शनासाठी पदक देण्याची तरतूद नाही. मोठे साहेब म्हणाले, "स्वल्प पाण्यात उतरवा त्यांना." मी गुडघ्यापर्यंत उतरवलं. ते म्हणाले, "गुडघ्याएवढ्या पाण्यात कसलं शौर्य? आमच्या अंगणात पावसाळ्यात तेवढं साचतं." मी छातीपर्यंत नेलं. चौथ्या मसुद्यात साहेबांनी प्राणांची पर्वा न करता खोल पाण्यात झेप घेतली. हवालदार मग काठावर गेला, आणि शेवटच्या प्रतीत तिथूनही गेला.

वाचवलेल्या जिवांच्या रकान्यात मी तीन लिहिलं होतं. वरून विचारणा आली: तिसरा जीव कोणता? मी कळवलं: घोडा. उत्तर आलं: जनावर धरता येत नाही. दोन जिवांवर पदक मिळेल की नाही याची धास्ती मोठ्या साहेबांना पडली. ते बराच वेळ पेन्सिल चावत बसले आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"सून गरोदर होती ना? मग तीनच की!"

पोटातल्या त्या बाळानं जन्माला यायच्या आधीच सरकारी कागदात एका इन्स्पेक्टरचं भलं करून ठेवलं.

त्याच आठवड्यात सामानाच्या कोठीतून अण्णांच्या नावे खुलासा मागवणारा कागद आला. सरकारी पट्टा, बिल्ल्यासह, गहाळ. कारण कळवावे. खुलासा लिहून द्यायला अण्णा माझ्याकडेच आले.

"लिहितो, तळ्यात पडला म्हणून," मी म्हणालो.

"तळ्यात कसा पडला?"

"अण्णा, तुम्ही पाण्यात होता ना."

"मी?" अण्णा माझ्या टेबलावरच्या शिफारशीकडे बघून म्हणाले, "पाण्यात तर साहेब होते, राव. मी कुठं होतो ते तुम्हीच सांगा."

दोन्ही कागद एकाच कचेरीतून जाणार होते आणि एकानं दुसऱ्याला खोटं पाडून चालणार नव्हतं. शेवटी मी लिहिलं की पट्टा निष्काळजीपणामुळे हरवला. अण्णांनी दोनदा वाचलं, "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाले आणि सही केली. त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईनं ताकीद चढली. माझ्या सेवापुस्तकात मात्र त्याच महिन्यात मसुदालेखनातल्या प्रावीण्याबद्दल शाबासकीची नोंद झाली. ती मी घरी वडिलांना सांगितली. त्यांनी देवापुढे साखर ठेवली. कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पदक मिळालं. मैदानावर बँड वाजला, माझा मसुदा मोठ्यानं वाचला गेला आणि साहेब छाती काढून उभे राहिले. ऐकताना त्यांचे डोळे पाणावले. मला वाटतं, तोवर त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. अण्णा तेव्हा मैदानाच्या फाटकाशी सायकली लावून घेत होते.

पण पदकाला एक खोड असते. ते लोकांना दिसतं. चार-सहा महिन्यांनी गावातल्या एका क्लबानं पोहायचा तलाव बांधला आणि साहेबांना पत्र पाठवलं: उद्घाटन आपल्यासारख्या जलवीराच्या हस्ते व्हावं, आणि पहिल्यांदा आपणच पोहून दाखवावं. मोठ्या साहेबांनी मला न विचारता, इन्स्पेक्टरसाहेबांनाही न विचारता, होकार कळवला.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेबांनी अण्णांना आणि मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हवालदार," ते म्हणाले, "तुम्हाला पोहता येतं का?"

मी खाली मान घालून फरशी मोजू लागलो. अण्णा शांतपणे म्हणाले, "स्वल्प येतं, सर."

मग तीन आठवडे, रोज सकाळी, बनशंकरीच्या देवळापलीकडच्या एका मळ्यातल्या विहिरीवर शिकवणी चालली. तिकडे तेव्हा वस्ती नव्हती. नव्यानं आखलेल्या जयनगरच्या प्लॉटांच्या खुंट्या संपल्या की नुसती शेतं. साहेबांची इभ्रत झाकायला ती जागा बरी होती. अण्णांनी त्यांच्या पाठीला वाळलेले भोपळे बांधले आणि पोटाखाली हात देऊन त्यांना पाण्यावर आडवं केलं. "पाय मारा, सर. मान वर नको. श्वास सोडा." पट्टेदार चड्डीतले साहेब दातओठ खाऊन पाय झाडत. विहिरीच्या काठावर मी त्यांचा टॉवेल घेऊन बसलेला असे. दोनदा त्यांनी अण्णांच्या गळ्याला मिठी मारून अण्णांनाच बुडवायला आणलं. एकदा ते आईच्या नावानं ओरडले. ही माहिती शिफारशीत घालायला मला फार आवडलं असतं.

मी रोज वाट बघायचो की अण्णा आज हात काढून घेतील. निदान एक गटांगळी. त्यांनी एकदाही काढला नाही. शेवटी एकदा दोघं सायकलींवरून परतताना मी विचारलंच.

"अण्णा, एकदा तरी सोडायचा होता हात."

"बुडाले असते."

"मग तुम्ही काढलं असतं."

"हो. आणि तुम्ही लिहिलं असतं की त्यांनी मला काढलं."

ते काही रागानं बोलले नव्हते. रागानं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. मी सायकलवरून उतरलो आणि थोडा वेळ चालतच गेलो. ते माझ्यासाठी थांबले नाहीत.

उद्घाटनाला साहेब तलावाची रुंदी पोहून गेले. धापा टाकत, पण गेले. टाळ्या झाल्या, हार पडला. वर्षाच्या आत त्यांना बढती मिळून बदली झाली. जाताना त्यांनी कचेरीत सगळ्यांशी हात मिळवले. अण्णांचा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरला आणि ते काहीतरी बोलणार असं वाटलं. पण मोठे साहेब जवळच उभे होते. इन्स्पेक्टरसाहेबांनी हात सोडला.

अण्णा साठच्या दशकात निवृत्त झाले. निवृत्तीच्या कागदात एक रकाना असतो, "विशेष कामगिरी". तो भरायचं काम माझं. तळ्याचा प्रसंग लिहायचा तर पुरावा हवा. पुरावा फाइलीत, आणि फाइल मीच तयार केलेली. एक पाऊल पुढे टाकून मोठ्या साहेबांकडे जाता आलं असतं. घरी बायको, दोन मुलं, आणि माझंही नाव बढतीच्या यादीत होतं. मी रकान्यात "निरंक" लिहिलं.

अण्णा सही करायला आले. चष्मा लावून त्यांनी सगळे रकाने वाचले. त्या रकान्यावर त्यांचं बोट जरा थांबलं, मग पुढे गेलं. सही करून त्यांनी पेन माझ्या हातात परत दिलं, मुलांची चौकशी केली आणि मुलीकडे राहायला जातोय, कधीतरी जेवायला या म्हणाले.

मी गेलो नाही. पुढच्या वर्षी मी हेडक्लार्क झालो.