सह्यांच्या गठ्ठ्यातला कागद

आमच्या ऑफिसात ती टायपिस्ट आणि मी तारखांची वही सांभाळणारी. वकीलसाहेबांच्या केबिनबाहेर आमची दोन टेबलं समोरासमोर, मध्ये एवढीशी वाट. आत जाणारा प्रत्येक अशील माझ्या खुर्चीला धडकूनच आत जातो. एकोणीस वर्षं मी त्या बाईचं तोंड बघतेय. नवऱ्याचंसुद्धा इतकं बघितलं नसेल.

तिला सगळे भागूबाई म्हणायचे. नाव मीच पाडलेलं, भित्री भागूबाई म्हणून. फोन वाजला तरी दचकायची. लिफ्टमध्ये एकटी चढायची नाही, आणि आत अनोळखी माणूस असेल तर त्याच्याबरोबरही चढायची नाही; म्हणजे रोज चार मजले पायी. साहेबांनी बेल मारली की आधी केस सारखे करणार, मग वही शोधणार, मग पेन, आणि दारापाशी जाऊन दोनदा खोकणार. "अगं, साहेब आहेत, वाघ नाही," असं मी म्हणायचे. मी आहेच तोंडाळ. माझ्या तोंडापुढे कुणी टिकत नाही, असं आमच्या मजल्यावर कुणालाही विचारा.

तर ही बाई एक दिवस डबा खाताना मान खाली घालून म्हणाली, "मी लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरलाय."

मला ठसकाच लागला. "तू? कोर्टात उभी राहणार? जज्जसाहेबांनी नुसतं बघितलं तरी तुझी बोबडी वळेल."

"माहितीये गं," ती म्हणाली. "पण कामावर जाणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग आहेत. जागा चाळीस, आणि वयाची अट चाळीस. पुढच्या वर्षी मी बसत नाही त्यात. काय ते यंदाच."

का, ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. ते पुढे सांगते.

अभ्यास तिने ऑफिसातच केला, जेवणाच्या सुट्टीत. परीक्षेचं जाडजूड पुस्तक एका निकाली निघालेल्या खटल्याच्या फायलीत लपवलेलं. कुणी आलं की फाईल बंद आणि चेहरा पांढरा. त्यातले प्रश्न म्हणजे डोक्याला ताप. पाच माणसं पाच खुर्च्यांवर बसलीत. डॉक्टर शिक्षिकेच्या शेजारी नाही, सुतार टोकाला नाही, तर मधे कोण? मी म्हटलं, बसू दे की मेल्यांना हवं तिथे! पण ती कागदावर चौकोन काढायची, खोडायची, परत काढायची. घरी सासूबाई गजराचं घड्याळ लावून समोर बसायच्या. पस्तीस मिनिटं झाली की म्हातारी अशी काही आनंदाने "संपली वेळ!" ओरडायची की हिच्या हातून पेन पडायचं. नवरा बस डेपोत मेकॅनिक. त्याला एवढंच कळलं होतं की घरात मोठ्याने बोलायचं नाही. बिचारा टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचा.

परीक्षेच्या दिवशी तिथेही तमाशा झालाच. एकोणीस वर्षं टायपिंग केलेली बाई. काही वाचायला लागली की हिची बोटं आपोआप चालतात. बाकावर टकटक, टकटक. शेजारच्या मुलीने तक्रार केली. पर्यवेक्षक येऊन उभे राहिले, म्हणाले, "काही खुणा करताय का?" उरलेला सगळा पेपर तिने डावा हात मांडीखाली दाबून सोडवला. संध्याकाळी माझ्याकडे आली तेव्हा हातावर वळ होते. म्हणाली, "गेलं सगळं."

गेलं नव्हतं. गुण बेताचेच पडले, पण मुलाखतीच्या यादीत नाव लागलं. आणि खरी पंचाईत पुढेच होती. अर्जासोबत एक पत्र जोडायचं होतं, जिथे काम करता तिथल्या वरिष्ठाचं. या व्यक्तीला मी ओळखतो, ही कायदा शिकायला लायक आहे, वगैरे.

"साहेबांकडे कसं मागू?" दहा दिवस एवढंच चाललं होतं. दोनदा दारापर्यंत गेली, दोनदा खोकली आणि परत आली. एकदा तर आत जाऊन "साहेब, पंखा कमी करू का?" असं विचारून आली. मला वैताग आला.

आता आमच्याकडची पद्धत सांगते. रोज दुपारी चार वाजता सह्यांचा गठ्ठा साहेबांपुढे जातो. तीसचाळीस कागद. सगळे हिने टाईप केलेले. मी बाजूला उभी राहून कोपरे उचलते. कोपरा, सही, कोपरा, सही. साहेब एका हाताने फोन कानाला लावून बोलत असतात. वाचत काही नाहीत. हिच्या टायपिंगवर त्यांचा तेवढा विश्वास, आणि तिच्या हातून चूक होतही नाही.

"अगं, मग ठेव की गठ्ठ्यात," मीच म्हणाले. "तू लिही, मी कोपरा उचलते."

"ही फसवणूक झाली."

"मग बस इथेच. आयुष्यभर दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं बडव."

हे वर्मी लागलं. तिने पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी दोन नोटिसांच्या मधे ते गेलं. मी कोपरा उचलला, सही झाली. साहेब फोनवर कुणालातरी दाताच्या डॉक्टरचा पत्ता सांगत होते. बाहेर येऊन बघते तर ही टेबलाला धरून उभी, ओठ निळे पडलेले. मी हसले. देवाशपथ, हसले.

पत्रात काय लिहिलंय ते मी वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर फाडून टाकलं असतं.

मुलाखतीला मी सोबत गेले. लांबलचक कॉरिडॉर, एका रांगेत खुर्च्या, सगळी तिच्या निम्म्या वयाची पोरं, इस्त्रीचे कपडे, गुडघे हलवत बसलेली. ती आत गेली आणि वीस मिनिटांनी बाहेर आली. चालताना भिंतीला हात लावत येत होती.

"काय झालं गं?"

"पकडलं त्यांनी मला."

जिन्यावर बसून तिने सांगितलं. आत तिघं होते. मधल्या पांढऱ्या केसांच्या प्राध्यापिका बाईंनी पत्र दोनदा वाचलं. पत्रात हिने सगळं चांगलं चांगलं लिहिलं होतं: वक्तशीर, विश्वासू. आणि त्याखाली हे लिहिलं होतं: "या कार्यालयात एकदा अपिलाची मुदत मोजण्यात चूक झाली. ती चूक मुदत संपायच्या एक दिवस आधी यांच्या लक्षात आली होती. भीतीमुळे त्या बोलल्या नाहीत. त्या वृद्ध अशिलाची राहती खोली गेली. तेव्हापासून त्यांना कायदा शिकायचा आहे."

प्राध्यापिका बाई म्हणाल्या, "तुम्ही बोलला नाहीत. मग हे तुमच्या साहेबांना कळलं कसं?"

बघा. पाच माणसं पाच खुर्च्यांवर बरोब्बर बसवणारी बाई, आणि एवढं सुचलं नाही. जे साहेबांना माहीतच नव्हतं ते साहेबांच्या तोंडी घातलं. खरं लिहायचंच होतं तिला, आणि लिहायला जागा दुसरी नव्हती.

"मग काय म्हणालीस?"

"ततपप झालं आधी. मग सगळं सांगितलं. पत्र मी लिहिलं, सही न वाचता घेतली." ती हुंदके देत होती. "त्यांनी पत्र परत दिलं, म्हणाल्या, साहेबांनी स्वतः वाचून सही केलेलं पत्र उद्या पाचपर्यंत आणा. नाहीतर अर्ज बाद."

माझं धाबं दणाणलं. तिचं काय होईल म्हणून नाही, माझं काय होईल म्हणून. कोपरा मी उचलला होता ना! मी म्हटलं, "सोड गं हे. साहेब बाहेरगावी गेलेत म्हणून कळव. नोकरी तरी राहील. दोघींची."

दुसऱ्या दिवशी साडेतीन वाजता ती उठली. केस सारखे केले नाहीत, वही घेतली नाही. नुसता तो कागद. माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "तूही चल. मला चक्कर आली तर धरायला कुणीतरी हवं." तिने माझं मनगट धरलं होतं. मला नाही म्हणता आलं नाही.

साहेबांनी कागद बघितला आणि सवयीने पेनाचं टोपण काढलं. पेन खाली टेकणार तोच हिने कागदावर आडवा हात ठेवला.

"साहेब, आधी वाचा."

साहेबांनी वर बघितलं. सांगते तुम्हाला, आमचे साहेब माणूस वाईट नाहीत, पण हिच्या आधीच्या टायपिस्टच्या अंगावर त्यांनी फाईल भिरकावली होती. ती पोरगी त्याच दिवशी गेली, परत आली नाही. ही गोष्ट भागूबाईला पहिल्याच दिवशी सांगितली होती. मीच, मजा म्हणून.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. अर्ध्यावर आल्यावर त्यांचं बोट थांबलं आणि मग मागे जाऊन परत वाचायला लागलं.

"हे मी लिहिलंय?"

"नाही साहेब. मी. खालची सही तुमचीच आहे, पण गठ्ठ्यात घालून घेतली."

मी डोळे मिटून घेतले. फाईल येणार असं वाटलं.

"त्या खोलीवाल्या आजी," साहेब म्हणाले. "मी निकालाची नक्कल मिळाली त्या दिवसापासून तीस दिवस मोजले. मोजायचे होते निकालापासून."

"हो साहेब. शेवटची तारीख अठरा होती. आपण वीसला दाखल केलं, म्हणून अपील फेटाळलं."

"आणि तुम्हाला सतरालाच कळलं होतं."

"हो."

"का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"कशाची?"

ती दोनदा खोकली. "तुमची, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. रागावले असते तर मला समजलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता; एकदम म्हातारे दिसायला लागले. मग त्यांनी विचारलं, "आणखी कुणाच्या लक्षात आलं होतं?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

कारण सतरा तारखेला ही पहिल्यांदा माझ्याच टेबलापाशी आली होती. "अगं, वहीत एकवीस लिहिलंयस, मुदत तर उद्या संपतेय." मी बोटांवर मोजलं. तिचं बरोबर होतं. ती केबिनच्या दाराकडे वळलीसुद्धा होती. मी तिचा हात धरून मागे ओढलं. म्हटलं, "गप्प बस. त्यांचं ते बघतील. उगाच आपल्या अंगाशी येईल." दोन महिन्यांनी त्या आजी गाठोडं घेऊन शेवटचा कागद न्यायला आल्या, माझ्या खुर्चीला धडकल्या, आणि उलट मलाच "लागलं का गं बाई?" म्हणून विचारून गेल्या.

"सांगा की," साहेब म्हणाले.

"कुणाच्या नाही, साहेब," ती म्हणाली. "मला एकटीलाच माहीत होतं."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोलायला जागा होती. दोन पावलं पुढे टाकायची आणि तोंड उघडायचं, एवढंच काम. मजल्यावर कुणाला न घाबरणारी मी, टाचणीच्या डबीकडे बघत उभी राहिले.

साहेबांनी पेन घेतलं. "या कार्यालयात" हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, "माझ्याकडून". मग कागद तिच्यापुढे सरकवला. "नीट टाईप करून आणा. मी वाचून सही करतो."

"साहेब, हे असं लेखी नका देऊ," ती घाबरून म्हणाली. "तुमच्यावरच उलटेल."

"आणा टाईप करून. पाचला पोचायचंय ना तुम्हाला?"

ती पाचला दहा कमी असताना पोचली. लिफ्टने गेली की पायी ते मला माहीत नाही. मी सोबत गेले नव्हते. चाळीसच्या यादीत सदतिसावा नंबर लागला. आता साडेपाच वाजले की टाईपरायटरवर झाकण घालते आणि पिशवी उचलून वर्गाला जाते. अजून फोन वाजला की दचकते. आजींची खोली गेली ती गेलीच.

माझ्याशी ती पूर्वीसारखीच वागते. डब्यातलं अर्धं देते, वर्गातल्या गमती सांगते. त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढत नाही. काढलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

साहेब आता प्रत्येक कागद वाचतात. चारचा गठ्ठा संपायला सहा वाजतात. मी शेजारी उभी राहून कोपरे उचलते. मुदतीचा कागद आला की ते थांबतात आणि विचारतात, "तारीख तुम्ही बघितलीत ना?" मी म्हणते, "हो साहेब." आणि रोज वाटतं, आता सांगावं. तोंड उघडते, आणि पुढचा कोपरा उचलते.