हद्द

मटणाचा तुकडा मी उंबऱ्याच्या आत, बरोबर वीतभर अंतरावर ठेवला होता. हिरा बाहेर ओट्यावर बसला होता. तीन दिवसांत त्याच्या पोटात धड काही गेलं नव्हतं. तोंडातून लाळ गळत होती, पण पाय जागचा हलत नव्हता. मी म्हटलं, "जा. खा." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

आतल्या खाटेवरून हमीदचाचा बघत होते. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती. जीभ जड झाली होती, पण शब्द कळायचे. ते म्हणाले, "मास्तर, येत न्हाई का?"

मी म्हटलं, "येईल. न येऊन सांगतोय कुणाला!"

फुकटचा रुबाब. तो का येत नाही हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण न येण्याचं शिक्षण मीच दिलं होतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. फौजेत मी कुत्र्यांच्या पथकात होतो. पेन्शनवर आलो आणि पिंपरीच्या एका कंपनीत सिक्युरिटीत डॉग मास्टर म्हणून लागलो. कंपाउंडवर फिरणारे चार अल्सेशियन सांभाळायचे, नवी पिल्लं तयार करायची. ड्यूटी सुटली की बाहेरची कामंही घ्यायचो. बंगलेवाले बोलवायचे, कारखानदार बोलवायचे. आमच्या सिक्युरिटी ऑफिसरला ते माहीत होतं. "मास्तर, माणसांना ट्रेनिंग देता का? माझ्या वॉचमनला द्या," एवढंच म्हणायचा.

हमीदचाचांचं गॅरेज काळेवाडीला. ट्रकचे पाटे ठोकून सरळ करायचं काम. म्हणजे ट्रकच्या खाली लोखंडी पट्ट्या असतात ना, ज्यांच्यावर सगळा भार असतो, त्या. माणूस मूळचा मावळातला, बोलणं अस्सल गावचं. साठीतही एकटा गिअरबॉक्स उचलायचा. गॅरेजमागे घर, मध्ये ओटा. आवारातून बॅटऱ्या चोरीला जायला लागल्या तेव्हा त्यांनी एक पिल्लू आणलं. अर्धं अल्सेशियन, अर्धं गावठी. कान एक उभा, एक पडका. नाव ठेवलं हिरा.

पिल्लाचे पहिले तीन महिने फार मोलाचे असतात. तेव्हा जे बघेल, ऐकेल, त्याची भीती जन्मभर जाते. आम्ही त्याला ओळखी करून देणं म्हणायचो. हिराला मी घणाच्या आवाजाशेजारी झोपवलं. कंपनीचा भोंगा ऐकवला. हेल्मेटवाले, दाढीवाले, बुरखेवाल्या, शाळेची पोरं, सगळ्यांच्या हातून त्याला भाकरीचा तुकडा खायला घातला. चार महिन्यांचा होईस्तोवर पठ्ठ्या ऐरणीखाली घोरायला लागला.

अडचण एकच होती. चाचींची अट.

"मास्तर, राखणीला कुत्रा ठिवायला माजी ना न्हाई," त्या म्हणाल्या. "पर घरात न्हाई यायचा. मी नमाज कुठं पढू मग?"

अट रास्त होती. त्या त्याला जीव लावत नव्हत्या असंही नाही. त्याची ॲल्युमिनियमची थाळी वेगळी होती, आणि आपण जेवायच्या आधी त्या ती भरायच्या. फक्त शिवायच्या नाहीत.

मी म्हटलं, "चाची, तीन आठवडे द्या. उंबऱ्याच्या आत नख टाकणार नाही."

शिकवलं ते फौजी पद्धतीनं. गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी. कुत्र्याचा पाय उंबऱ्यावर पडला की झटका, आणि बरोबर एक शब्द: "हद्द!" हुकूम मालकाच्याच तोंडून जायला हवा, म्हणून साखळी मी धरायचो आणि शब्द चाचांना बोलायला लावायचो. चाचांचा आवाज कसला! घणासारखा पडायचा. तीन आठवडे कशाला, सोळाव्या दिवशी काम फत्ते. मी आत मटण ठेवून दाखवलं, घरातली सगळी माणसं आत बसवून दाखवलं, चाचांना आतून हाक मारायला लावून दाखवलं. हिरा ओट्यावर बसून राहिला. मी तर एकदा आमच्या ऑफिसरलाही मुद्दाम घेऊन गेलो होतो बघायला.

चाचांनी तेव्हा विचारलं होतं, "मास्तर, कदी वाटलं बोलवावं आत, तर?"

मी म्हटलं, "चाचा, एकदा सवलत दिली की नियम मेला."

आता जरा धंद्यातलं सांगतो. प्रत्येक हुकुमाला एक सुटका असते. कुत्र्याला 'बस' शिकवलं की 'ऊठ' शिकवायचं. 'थांब' शिकवलं की 'चल' शिकवायचं. त्याला आम्ही रिलीज म्हणायचो. 'हद्द'ला मी रिलीज ठेवला नाही. विसरलो नव्हतो. मुद्दाम ठेवला नाही, कारण मला दाखवायचं होतं की माझं काम किती पक्कं असतं.

सहा वर्षं सगळं सुरळीत. मग एका सकाळी पाटा ठोकता ठोकता चाचा कोसळले. दवाखान्यातून आणलं ते थेट आतल्या खाटेवर. हिरा ओट्यावर. मध्ये फार तर दहा पावलं.

चाचांचा मुलगा सलीम मला बोलवायला कंपनीच्या गेटवर आला. "मास्तर, अब्बा दवा घेत नाहीत. आधी विचारतात, हिरा जेवला का? नाही म्हटलं की तोंड भिंतीकडं. आणि तो तर थाळीला तोंडच लावत नाही. अम्मी म्हणते, येऊ दे आत. पण तो येतच नाही."

"चाची म्हणाल्या? येऊ दे म्हणून?"

"स्वतः. नमाज मामूच्या घरी जाऊन पढीन म्हणाली."

मी हसतच गेलो हो. म्हटलं, हद्द घातली मी, काढीन मी. दोन तासांचं काम.

पहिला दिवस मटणात गेला, तो सांगितला. दुसऱ्या दिवशी पट्टा लावला आणि ओढलं. हिरानं चारही पाय ओट्याला रोवले. मी आणखी जोर लावला. आणि हा कुत्रा, ज्यानं दोन चोरांना भिंतीवरून खाली ओढलं होतं, जागच्या जागी थरथरत मुतला. आतून चाचा जमेल तेवढ्या जोरात ओरडले, "सोडा! सोडा त्याला!" मी पट्टा टाकला. त्या दिवशी घरी जाताना सायकल हातात धरूनच चालत गेलो. बसायची इच्छा होईना.

तिसऱ्या दिवशी सलीमनं पहार घालून लाकडी उंबराच उखडला. जमीन सपाट केली, वर शेण सारवलं. हिरानं वास घेतला आणि उंबरा जिथं होता, बरोबर तिथंच बसला. एक बोट पुढं नाही, एक बोट मागं नाही.

मी सलीमला म्हटलं, "चाचांनाच बाहेर काढू ना, ओट्यावर."

"ते नको म्हणतात."

चाचा आतून म्हणाले, "गिऱ्हाइकं येत्यात दिवसभर. लोळागोळा झाल्याला हमीद दाखवू का त्यांना? ट्रक सोडून मलाच बघत बसतील." एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला.

चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच हाक मारली. "ये, हिरा. ये बाळा." जीभ जड, पण माया काय जड होते? हिरा पोटावर सरपटला. शेपूट जमीन झाडत होती. घशातून असा काही आवाज काढत होता की गॅरेजमधला हातोडा थांबला. नाक हद्दीवर टेकवलं आणि तिथंच राहिला. चाचांनी डावा हात लांब केला. पोचायला अजून आठ पावलं होती. चाचांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायलाही हात दुसरीकडे गुंतलेला.

मी हात टेकले. चाचींना म्हटलं, "माझी चूक आहे. ह्याला उलटं शिकवायला महिना-दीड महिना लागेल. तेवढे दिवस दोघंही उपाशी निभणार नाहीत."

चाची चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमी चार दिस कुत्र्याला घरात आणायला बघताय. त्यापरीस घर बाहेर न्या की. आमी काय वाण्याची माणसं हाय का? पत्र्यालोखंडाची माणसं हाय."

सलीम उठला आणि टेप घेऊन ओटा मोजायला लागला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आमच्या भागाची लाईट बंद, म्हणून कंपन्यांना सुट्टी. वेल्डिंग करता येईना, तर नट-बोल्टवर काम केलं. शेजारच्या वर्कशॉपचे दोन फिटर आले, मी होतो. ओट्यावर लोखंडी अँगल उभे केले, गॅरेजच्या आणि रस्त्याच्या बाजूला पत्रे मारले, वर जुनी ताडपत्री. दुपारपर्यंत एक खोली उभी राहिली. बाहेरच्याला काही दिसणार नाही, वारं लागणार नाही, आणि सगळी हद्दीच्या बाहेर.

चौघांनी खाट उचलली. हिरा कोपऱ्यात बसून बघत होता. खाट बाहेर आली तरी उठला नाही. हुकूम नव्हता ना! खाट खाली टेकली. चाचा म्हणाले, "ये."

आला. उडी नाही, भुंकणं नाही. चालत आला आणि चाचांच्या डाव्या हाताखाली डोकं घालून उभा राहिला. किती वेळ, कोण जाणे. मला रडू आलं. लपवू कशाला? फिटर मंडळी नट आवळायचे पाने गोळा करायचं नाटक करत होती.

मी म्हटलं, "चाचा, माफ करा. मी ह्याला असा बिघडवून ठेवला की तुमचंसुद्धा ऐकेना."

चाचांनी मान हलवली. "न्हाई मास्तर. तुमी त्याला कदी काय सांगितलंच न्हाई. 'हद्द' मी म्हणायचो. तो माजंच ऐकत व्हता."

त्यांनी हाताची बोटं त्याच्या पडक्या कानात घातली आणि सलीमला म्हणाले, "गोळी दे."

चाचा पुढं पावणेदोन वर्षं त्या पत्र्याच्या खोलीत होते. ते गेल्यावर सलीमनं खोली काढायला घेतली तर चाची आडव्या आल्या. मी भेटायला गेलो तेव्हा रिकाम्या खाटेखाली हिरा होता आणि पलीकडं चाची बसल्या होत्या, त्याच्या पाठीवर हात ठेवून. मला म्हणाल्या, "मी आत बसले की ह्यो भायेर एकटा पडतो. आत येत न्हाई. मग मीच भायेर येती. नमाजाच्या आधी हात धुती, झालं."

नंतर कितीतरी कुत्री शिकवली. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला: कुठं जायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, ते आधी शिकवा. मी म्हणतो, शिकवतो. पण आधी 'ये' शिकवतो, आणि तो पक्का झाल्याशिवाय दुसरा शब्द काढत नाही. हद्द घालायला सोळा दिवस लागतात. काढायचं मला आजही जमत नाही.