आईच्या खोलीतला राऊटर

मी बीडजवळच्या चौसाळ्यातून निघाले तेव्हा दादा रडला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून तुम्हाला वाटेल, कसला हा भाऊ. तो असा नव्हता. माझ्या बॅगा जीपमध्ये चढवून झाल्यावर तो हायवेकडं तोंड करून उभा राहिला, जणू ट्रक बघतोय, आणि शर्टाच्या बाहीनं त्यानं डोळे पुसले. मला इंजिनिअरिंगला घालायचं म्हणून वडिलांशी भांडला होता तो हाच. "पोरगी शिकंल, तुमी आडवं येऊ नका, अप्पा," हे त्याचं वाक्य होतं. अप्पा नंतर गेले, माझं लग्न झालं, नवरा नोकरीसाठी जर्मनीला पुढं गेला, आणि त्या दिवशी मी त्याच्या मागं निघाले होते. आई पायरीवर उभी होती. धपाट्यांचा डबा माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाली, "तिकडं गेल्यावर तोंड दाखवीत जा, बाई. नुसता आवाज आयकून मला करमायचं न्हाई."

श्टुटगार्टला आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे. मी एका इस्पितळाचं नेटवर्क सांभाळते. म्हणजे कुठलं यंत्र कुठल्या यंत्राशी बोलेल, कुणाशी बोलणार नाही, हे बघायचं काम. दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं जोडायची, आणि घरी येऊन आईला फोन लावला की वहिनीच्या मोबाईलच्या फुटक्या काचेवर आईचं अर्धं कपाळ आणि पंखा दिसायचा.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आलेत, त्यांना पडद्यावर येणारं ते वाक्य पाठ असेल: हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही. वर्गणी मी भरलेली, भाषा माझी, बघायचं काय तर आई संध्याकाळी बघते ते कीर्तन. आणि कुठलंसं यंत्र मला सांगणार की माझा देश कोणता. मला फार चीड यायची त्या वाक्याची. घरी कुणी नसताना मी टीव्हीला मोठ्यानं शिव्या दिल्या आहेत, शुद्ध बीडच्या.

म्हणून गेल्या वेळी सुट्टीवर गेले ते सामान घेऊनच. आईच्या खोलीत चांगला राऊटर बसवला. लाईट गेली तरी चालावा म्हणून त्याला बॅटरी जोडली. भिंतीवर मोठा टीव्ही, त्याला कार्यक्रम दाखवणारा बॉक्स, वर छोटा कॅमेरा. आईची बोटं कापूस वेचून वेचून इतकी जाड झालीत की रिमोटची बारकी बटणं तिच्यानं दाबली जात नाहीत. म्हणून असं करून ठेवलं की मी फोन लावला की टीव्हीनं आपोआप उचलायचा. आईनं फक्त समोर बसायचं. आणि दोन्ही घरांच्या मध्ये व्हीपीएन टाकला. आईनं विचारलं, हे काय? मी म्हणाले, "हा बंद पाइप समज. मी तिकडं टीव्ही लावला की तो ह्या पाइपातून तुझ्या खोलीत येतो आणि इथून बाहेर पडतो. बाहेरच्यांना वाटतं, मी चौसाळ्यातच बसलेय."

"आसं व्हय," ती म्हणाली. "त्यांला वाटतंय. मला कवा वाटायचं?"

वाटलं तिला. काही महिने खरंच वाटलं. तिच्याकडं संध्याकाळ झाली की माझ्याकडं दुपार असायची. सुट्टीच्या दिवशी मी पोळ्या लाटत उभी, ती ज्वारी निवडत बसलेली, दोघींच्या पडद्यावर तेच कीर्तन. बुवा लांबण लावायला लागले की ती त्यांच्यावर बोलायची आणि मी हसायचे. माझ्या खिडकीबाहेर बर्फ, आणि तिच्या खिडकीतून हायवेच्या ट्रकांचे हॉर्न माझ्या स्वयंपाकघरात. मी नवऱ्याला दार लावून घ्यायला सांगायचे. कुणी मध्ये बोललेलं मला चालायचं नाही.

मग एके दिवशी वहिनीच्या मोबाईलवरून आईचा नुसता आवाज आला. "टीव्हीवर नगं लावूस फोन. लाईट न्हाई हितं."

पुढच्या आठवड्यातही लाईट नव्हती. त्याच्या पुढच्याही. आपल्याकडं लाईट नसणं ही काही शंका घ्यायची गोष्ट नाही, त्यामुळं मी घेतली नाही. पण एका रविवारी मी टीव्हीसमोर चहा घेऊन बसले असताना डोक्यात लख्ख उजेड पडला. समोर मराठी बातम्या चालू होत्या. त्या आईच्या खोलीतल्या राऊटरमधूनच येत होत्या. बॅटरी फार तर दोन-तीन तास टिकते. तिथं दिवसदिवस लाईट नसेल, तर हे चालतंय कसं?

मी लगेच टीव्हीवर फोन लावला. नेहमीसारखा तो आपोआप उचलला गेला.

समोर आईची खोली नव्हती. पांढऱ्या शर्टातली माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. कागदी कपांतला चहा, मागं दादाचा हात जोडलेला भला मोठा फ्लेक्स. जागा ओळखू आली. आमच्या घराच्या पुढच्या अंगाला, हायवेला लागून अप्पांचा बी-बियाण्याचा गाळा होता. दादानं त्याचं संपर्क कार्यालय केलं होतं. निवडणूक तोंडावर आली होती. आईचा टीव्ही, बॉक्स, कॅमेरा, राऊटर, सगळं उचलून तिथं लावलं होतं.

एकजण पडद्याच्या जवळ येऊन माझ्याकडं टक लावून बघायला लागला. "कोन रं ही? दादा, कोनतरी बाई आलीय टीव्हीवर."

मागं हशा झाला. दादा उठून पुढं आला. मला त्यानं ओळखलं. त्याच्या डोळ्यांत ते दिसलं. मला वाटलं, आता म्हणेल, माझी बहीण हाय. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि कॅमेऱ्यावर टाकलं. पडदा भगवा झाला. "चुकून लागलाय," एवढं त्या कापडाआडून ऐकू आलं.

भावानं माझ्या तोंडावर फडकं टाकलं. इतक्या लांबून, चार माणसांत. 

मी वहिनीला फोन लावून आईला मागितलं. आईला सगळं माहीत होतं. ती नारायणगडला दर्शनाला गेली होती, त्या दिवशी हे सामान हललं होतं. "पार्टीचे साहेब टीव्हीवरून बैठक घेत्यात म्हनं," ती म्हणाली. "त्याला चार मानसांत मान हाय. तुला सांगितलं आसतं तर तू भांडली आसतीस."

"मग खोटं बोललीस? लाईट नाही म्हणून?"

"काय करू मंग? तू तिकडं, त्यो हितं. मला दोगंबी पायजेत."

आईवरही मला तेव्हा राग आला, आणि तो राग गिळायला मला फार जड गेलं. मुलगा घरात नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या आया मी पाहिल्यात. मुलगी पडद्यावरून पुसली गेली तर नुसतं सांगतात, लाईट गेली.

पण हातात काय होतं माझ्या? होतं. तो राऊटर माझं ऐकतो. श्टुटगार्टच्या स्वयंपाकघरात बसून मी पासवर्ड बदलला, टीव्हीचं नेट तोडलं, आणि पाइपचं दोन्हीकडचं तोंड बंद केलं. तेव्हा त्यांची साहेबांबरोबर बैठक चालू होती हे मला वहिनीकडून कळलं होतं. साहेबांचं तोंड वाक्याच्या मध्येच थिजलं असणार. मला बरं वाटलं.

दादाचा फोन लगेच आला.

"कावून बंद केलंस?"

"माझं आहे ते. मी आईसाठी लावलं होतं."

"आईला काय करायचंय एवढ्या मोठ्या टीव्हीचं? हितं लोक येत्यात, गावाची कामं हायत. तुला तितं बसून काय कळतंय?"

"मला एवढं कळतं की ती बाई कोण, असं लोक विचारत होते, आणि तू 'चुकून लागलाय' म्हणालास."

तो म्हणाला, "हे बघ कल्पे. तू गेलीस. हितलं घर मी संभाळलंय. घर माझं हाय. तुझ्या घरी काय लावायचं ते लाव." आणि फोन ठेवला.

तुम्ही जे मागं राहिलात, तुमचंही म्हणणं मला माहीत आहे. दवाखान्यात आईला कोण नेतं, शेतात कोण राबतं. दादा. मान्य. पण राहणाऱ्याला घर मिळतं म्हणून जाणारीचं तोंडच झाकायचं? आणि मुलगा गेला असता तर हेच बोलला असता का कुणी? मुलगा अमेरिकेला गेला की त्याची खोली कुलूप लावून ठेवतात.

बरेच दिवस कुणीच कुणाला फोन केला नाही. मग आईचा आला.

"ते चालू कर," ती म्हणाली.

"त्यांच्यासाठी मी करणार नाही."

"त्यांच्यासाठी कोन म्हनतंय? रविवारी कर. म्या जानार हाय तितं बसायला."

मला हसू आलं, आणि भीतीही वाटली. त्या गाळ्यात पुरुष बसलेले असताना आमच्या घरातली बाई कधी पाऊल टाकत नसे. अप्पा होते तेव्हाही चहा दारापर्यंतच जायचा; वहिनी अजून तसाच देते.

रविवारी मी नेट चालू करून फोन लावला. आई गाळ्याच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर ज्वारी निवडायचं सूप. भिंतीकडेला दोन-तीन माणसं अवघडून उभी. दारात दादा, हायवेकडं तोंड करून.

"तोंड वाळलंय तुझं," आई मोठ्यानं म्हणाली. तिला वाटतं, लांब आहे म्हणजे ओरडून बोलावं. मग ती त्या माणसांकडं वळली. "तुमी भाईर बसा बरं जरा. तुमची वहिनी चहा देती. माझी लेक बोलायलीय."

ते निघाले. कुणी चप्पल शोधत, कुणी मोबाईलमध्ये बघत. शेवटचा दाराशी थांबून म्हणाला, "आक्का, साहेबांचा फोन येनार हाय म्हून…"

"आला तर सांगा, आमचं चालू हाय."

 दादा वळला नाही. पण मध्ये पडलाही नाही.

टीव्ही अजून गाळ्यातच आहे. दादानं तो परत आईच्या खोलीत नेला नाही, आणि माझ्याशी तो अजून बोलत नाही. आठवडाभर मी माझं नेट बंद ठेवते. त्यांनी त्यांचं दुसरं घेतलंय. रविवारी मी चालू करते, आई जाऊन बसते, माणसं बाहेर जातात. आता त्यांना सांगावं लागत नाही म्हणे. माझा राग मात्र गेलेला नाही, आणि तो घालवायचा प्रयत्नही मी करत नाही.

इथं लोक विचारतात, तुझं घर कुठं? पूर्वी मी चौसाळा म्हणायचे, मग श्टुटगार्ट म्हणायला शिकले, दोन्ही वेळा जरा चाचरत. आता चाचरत नाही. माझी आई जिथं पुरुषांना उठवून माझ्यासाठी खुर्चीवर बसते, ते माझं घर आहे. ते आठवड्यातून एकदाच उघडतं. पण उघडतं तेव्हा त्याचं दार कुणाच्या बापाला लावता येत नाही.