धवल्याखालचा मायनर सेव्हन

"मावशी, गिटार ठेवा आता. ताटं उचला."

ती पाहुण्यांसमोर म्हणाली. नुकताच माझा धवला गाऊन झाला होता. माझा, पण गायली ती.

ती काशीदच्या बंगल्याची मालकीण. मुंबईची. मी तिथे झाडलोट आणि स्वयंपाक करायचे.

आमच्या आगरी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे विधींची गाणी, गाते. मी धवलारीण. शाळा चौथीपर्यंत, धवले सासूने शिकवले. धवला मांडवातच गायचा. मांडव नसेल तर तोंड उघडायचं नाही.

दुपारी ती व्हरांड्यात गिटार वाजवायची. मी बघत उभी राहायचे. एकदा म्हणाली, "शिकायचंय? बसा. इथे नोकर-मालक काही नाही."

बसले. ए मायनर ही कॉर्ड धरायला शिकले, तीन बोटांनी तीन तारा दाबायच्या. मासळी साफ करून बोटं राठ झालेली, तरी तारा रुतायच्या. मग म्हणाली, "आता करंगळीशेजारचं बोट उचला. बाकीची हलवू नका. हा मायनर सेव्हन."

नुसतं उचलायचं, तर तेच जमेना. एक उचललं की दुसरं सुटायचं, तार खरखरायची. जमलं त्या दिवशी सूर असा उघडा राहिला की हळदीचा धवला आपोआप तोंडात आला. मांडव नव्हता. तरी गायले. मी तिला बाय म्हणायचे, लेकीला म्हणतात तसं. लेकीपुढे कसला मांडव. तिचा मोबाइल समोर रेकॉर्डिंगला चालू होता. मला दिसत होता.

पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी व्हरांडाभर पाहुणे. तिने मला खुर्चीत बसवलं, मायनर सेव्हन वाजवायला लावला. लोक हसले. एक जण म्हणाला, "मावशी, आता बँड काढा." मग ती म्हणाली, "हे माझं नवीन गाणं." आणि माझ्या वाजवण्यावर हळदीचा धवला गायली. टाळ्या झाल्या. मग ताटांचं सांगितलं.

मी उठले नाही. म्हटलं, "बाय, हा धवला माझे सासूचा हाय. सांग यांना."

ती हसली. "मावशी, असली गाणी कुणाचीच नसतात. आणि मी तुम्हाला कॉर्ड शिकवलीच की."

म्हणजे सौदा होता. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी उभी राहिले. पाहुण्यांना म्हटलं, "हे गाणं नवं नाय. माझी सासू गायची, तिची सासू गायची. हळद लावताना गातात. तुमच्यात कुणाचं लगीन हाय काय?"

 गिटार तिच्या मांडीवर ठेवली आणि पायऱ्या उतरले. काम सोडलं.

कोर्लईला माझी जुनी मैत्रीण आहे, ख्रिस्ती, मासळी विकते. तिच्या घरी गिटार आहे. तिथे जाऊन बसते. बोट उचलते. कॉर्ड कुणाच्या बापाची नाही, ती मी ठेवली.

मालकिणीचं ते गाणं लोक मोबाइलवर ऐकतात म्हणे. येत्या लग्नसराईत मी मांडवात गिटार घेऊन बसणार. आधी सासूचं नाव घेईन, मग गाईन. गावातल्या बायका नाकं मुरडतील. मुरडू देत. आणि ती पुन्हा कुठे चारचौघांत ते गाणं आपलं म्हणाली, तर तिथे जाऊन तिच्या तोंडावर 'हे खोटं' म्हणेन. बोलावलं नसलं तरी जाईन.