सोजराच्या गाण्यातली दुसरी बाई

“ती बाई कोण, तेवढं सांगा. बाकीचं मी बघते.”

चकलांब्याच्या सोजरबाईंनी पिशवीतून दोन कॅसेटी काढून माझ्यापुढं ठेवल्या. माझं टेप दुरुस्तीचं आणि कॅसेट भरून देण्याचं दुकान कधीच बंद झालं. तरी असल्या कामाला लोक बीडमध्ये माझंच घर विचारत येतात.

भानगड अशी. सोजरबाईंचा मालक मेंढरं राखायचा आणि गाणी बांधायचा. एक गाणं त्यानं बायकोवरच बांधलं. सोजरा आल्याबिगर मेंढरं पाणी पीत न्हाईत, असं काहीतरी. पुढं जत्रेत एक कॅसेट विकायला आली. त्यात हेच गाणं एका बाईच्या आवाजात.

“मी इचारलं, कुणाला शिकवलं? तर म्हणला, ती कोण मला बी ठाव न्हाई. मरंपर्यंत तेच. खोटारडा मेला.”

“जाऊन किती दिवस झाले?”

“चार वर्सं. फोटोला अजून हार घातला न्हाई मी.”

कॅसेटी लावल्या. पहिली स्टुडिओतली. तेच गाणं, पण दुसऱ्याच गडी माणसानं गायलेलं, मागं बँजो. “ह्यो आमचा न्हाई,” बाई म्हणाल्या. दुसरीत ती बाई. आवाज पातळ, गोड, पण खरखर लई.

कॉपीवरून कॉपी केली की दर वेळी खरखर वाढते. म्हणून कमी खरखरीची कॅसेट शोधत गेलं की मूळ सापडतं. मी बाईंना आठ दिवसांनी या म्हणलं आणि निघालो. घरात बसून तरी काय करणार होतो? गेवराईच्या एका जीपवाल्याकडं जरा बरी कॉपी निघाली. त्यानं ती लिंबागणेशच्या नारळवाल्याकडून भरून घेतलेली. नारळवाल्याची सगळ्यात साफ. आणि तिची सुरुवात कुणी कापली नव्हती.

घरी आणून लावली. गाण्याच्या आधी कोणीतरी उंदरासारखं बोललं, “हॅलो, एक, दोन, अडीच.”

मी टेप बंद केला. माईक तपासताना अडीच म्हणणारा या जिल्ह्यात एकच माणूस, तो मी. आमची मालकीण त्यावरून लई हसायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली, नाहीतर तिनं माझ्याआधी ओळखलं असतं.

म्हणजे रेकॉर्डिंग माझंच. जत्रेत जो कोण गाईल त्याला मी टेप करायचो, लाईट गेली की सेलवर, आणि सेल पार मरेपर्यंत बदलत नसायचो. सेल उतरले की मोटर हळू फिरते. हळू भरलेली कॅसेट नंतर नीट वेगात वाजवली की सगळं भरभर आणि पातळ ऐकू येतं. माझा उंदीर झाला होता. मग गाणाऱ्याचं काय झालं असंल?

सोजरबाई आल्या. मोटरच्या मागं बारीक भोक असतं, आत स्क्रू. तो फिरवला की वेग बदलतो. मी हळूहळू फिरवायला लागलो. बाईचा आवाज उतरत गेला.

“अजून जाड,” बाई म्हणाल्या. मी फिरवला. “आता रेडा झाला. मागं घ्या.” मी मागं घेतला.

“थांबा.”

थांबलो. त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग पदरानं तोंड पुसलं.

“त्याला सोताचाच आवाज वळखू आला न्हाई व्हय?”

“मला तरी कुठं आला? चूक माझ्या सेलची हाय, बाई.”

“चार वर्सं मेलेल्या माणसाला शिव्या घातल्या मी. जित्तेपणी घातल्या त्या येगळ्या.”

“मग आता?”

“आता त्या तुमच्या.”

आणि बाईंनी खरंच सुरू केलं. माझ्या दुकानापासून धरलं ते पार माझ्या आज्यापर्यंत. चहाचं आधण उकळून आटलं तरी चालूच. मी मान खाली घालून ऐकत होतो. दोन वर्षांत या घरात मला कुणी असं झापलं नव्हतं. बरं वाटलं.

जाताना नीट वेगात भरलेली कॅसेट दिली, आणि वाटेत हार घ्या म्हणून सांगितलं.

कुणाचा आवाज टेप करायचा असंल तर आधी नवे सेल घाला.