आतोबांची चोख वाटणी

आमच्या आतोबांइतका न्यायी माणूस अख्ख्या पाथर्डी तालुक्यात झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी माझी देवाकडे मागणी आहे. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान, राहणार तिसगाव. बऱ्यापैकी जमीन, दोन मुलगे, एक मुलगी आणि एकच ध्यास, की आपल्या हयातीत वाटणी अशी करायची की गावानं तोंडात बोटं घालावीत. मुलांचं भलं वगैरे नंतरची गोष्ट. कुणाच्या घरी भाऊ भाऊ भांडले की ह्यांचा चेहरा खुलायचा. "बापानं येळंवर वाटून दिलं न्हाई, दुसरं काय!"

एकदा वाटायला बसल्यावर मात्र त्यांना धरबंध राहिला नाही. दोरी लावून बांध घातले, परसातल्या चिंचेच्या फांद्या वाटल्या, गोठ्यात मधोमध भिंत उभी केली. थोरल्याच्या बाजूला दार आलं, धाकट्याच्या बाजूला गव्हाण. थोरल्याच्या म्हशी आत जात, पण तोंड घालायला काही नाही; धाकट्याची गव्हाण भरलेली आणि म्हशी बाहेर उन्हात. असा तो न्याय! मुलीला बेलापूरहून बोलावून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली आणि साडी दिली. "आणि तिचा वाटा?" मी विचारलं. "भारीतली साडी हाय," आतोबा म्हणाले. मला असा संताप आला! ती बिचारी मुकाट्यानं नेसून गेली.

सगळं वाटून दोन म्हातारी माणसं उरली. दुसरा कुणी तिथं थांबला असता. ह्यांनी तीही वाटली. स्वतः थोरल्याकडे, आत्या धाकट्याकडे. आत्या एकदा ताटलीत पिठलं-भाकरी घेऊन आली, तर थोरली सून म्हणाली, "मामंजींचं जेवान आमच्याकडं हाय, आत्याबाई. माघारी न्या." आतोबांनी सुनेनं वाढलेलं ताट पुढं ओढलं. नियम त्यांचाच होता.

हे कानावर गेल्यावर मुलगी धावत आली. "आण्णा, मला वाटा नको. तुमी दोघं चला माझ्याकडं."

"पोरीच्या दारात बाप ऱ्हात न्हाई," आतोबा गुरकावले.

आत्यानं पिशवी उचलली. "मग ऱ्हावा तुमी तुमच्या वाटणीत," ती म्हणाली आणि लेकीबरोबर निघून गेली. नवऱ्याला उलटून बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

हल्ली आतोबांचा मला फोन येतो. कांद्याचं, पावसाचं बोलून झालं की हळूच म्हणतात, "आत्या जेवली का रं? इचार जरा पोरीला."

"तुम्हीच विचारा की."

"कोणत्या तोंडानं इचारू?"

राग माझा अजून गेलेला नाही. तरी मी बेलापूरला फोन लावतो. कधी मुलगी सांगते, "आज नुसत्या च्यावर हाय, ताट तसंच झाकून ठिवलंय." मी आतोबांना जेवली म्हणून कळवतो.